पहाटेचं ट्रिपिंग संपलं, आता मोर्चा बर्फाकडे

इंदूरजवळच्या सिमरोलला काका-काकूंच्या शेतावर सोलरवर चालणाऱ्या फ्रिजचं पहाटेचं ट्रिपिंग, म्हणजे इन्व्हर्टर आपोआप बंद पडणं, एकदाचं थांबलं! दोष निघाला केबलचा. बॅटरी ते इन्व्हर्टर जाणाऱ्या, वर ठसठशीत 16 चौरस मिमी छापलेल्या त्या जाड लाल-काळ्या जोडीचा.

सेटअप मागच्या पोस्टमधलाच आहे. 540 वॅटचं एक हाफ-कट (अर्ध्या कापलेल्या सेलचं) पॅनल, 40 अँपिअरचा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा कंट्रोलर), 12.8 व्होल्ट 100 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि काकूंचा डायरेक्ट कूल (आत पंखा नसलेला, साधा) फ्रिज. दिवसभर सगळं सुरळीत चालायचं आणि पहाटे चारच्या सुमारास इन्व्हर्टर बोंबलायला लागायचा. लो बॅटरी, बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. काका उठून स्विच काढायचे, सकाळी दूध नासलेलं असायचं. फ्रिजवाला मेकॅनिक येऊन हात लावून गेला आणि म्हणाला, "भिया, कंप्रेसर गया." मला ते पटेना. कंप्रेसर गेला असता तर दुपारीही अडला असता.

चालू असताना हा फ्रिज शंभर वॅटही घेत नाही. पण सुरू होतानाच्या त्या अर्ध्या सेकंदात मोटर कितीतरी पट करंट ओढते. 12 व्होल्टच्या बाजूला हा झटका 90 अँपिअरपर्यंत जातो. मल्टिमीटर मिन-मॅक्सवर (सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या सेटिंगवर) लावून पहाटे बसलो. झटक्याच्या वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर 12.2 व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर 10.3. इन्व्हर्टरचा कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या खाली तो बंद पडतो तो आकडा, 10.5. म्हणजे जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच जिरत होते! दिवसा चार्जर बॅटरीला 14 च्या आसपास धरून ठेवतो, त्यामुळे तेवढे गेले तरी निभायचं. पहाटे बॅटरी निम्म्याखाली आलेली, तिथे निभेना.

मग प्रत्येक सांध्यावर मीटर लावला. डीसी एमसीबी (बॅटरीच्या बाजूचा सुरक्षा-स्विच) आणि लग (केबलच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) मिळून 0.4, उरलेले दीड व्होल्ट नुसत्या केबलमध्ये. जाऊन-येऊन पाच मीटर केबल. तांब्याच्या 16 चौरस मिमी केबलचा रोध दर मीटर लांबीला सुमारे 1.2 मिलिओहम असतो, त्या हिशोबाने अर्धा व्होल्ट पडायला हवा होता, इथे तिप्पट. एक तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरी! तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, आणि जाडीही छापल्यापेक्षा कमी. दुकानदाराने बिलावर 'कॉपर' लिहून दिलं होतं, याचा राग अजून गेलेला नाही. केबल घेताना एक टोक सोलून खरवडा, आणि वजन करा: 16 चौरस मिमीच्या मीटरभर केबलमध्ये नुसतं तांबंच 140 ग्रॅमच्या आसपास भरतं. खऱ्या आणि खोट्या केबलमधला फरक हातालाच कळतो.

या बंद-चालूच्या फेऱ्याचं दुसरं कारणही हाती लागलं. कंप्रेसर थांबल्यावर कॅपिलरीतून (फ्रिजमधल्या बारीक नळीतून) त्याच्या दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. आपला इन्व्हर्टर काही सेकंदांतच परत चालू व्हायचा, मोटर भरल्या दाबावर अडकायची, आणखी जास्त करंट ओढायची आणि पुन्हा ट्रिप. एकदा पडलं की सावरायचंच नाही ते यामुळे.

आता इंदूरच्या सियागंज बाजारातून 35 चौरस मिमीची तांब्याची वेल्डिंग केबल आणली आहे (खरवडून, तोलून). इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारीच सरकवला, एका बाजूची लांबी मीटरभर. लग हायड्रॉलिक प्रेसने दाबून घेतले. हातोडीने ठोकलेला लग कुणाकडे असेल तर कृपा करून तो आजच बदला. नवा डीसी एमसीबीही बसवला. पहाटेच्या झटक्यात आता केबल आणि सांधे मिळून 0.2 व्होल्टच पडतात. कंप्रेसर नुसता घुमतो आणि चालू लागतो. तो आवाज ऐकताना काय वाटलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. फ्रिजच्या आधी पाच मिनिटांचा डिले टायमरही लावतोय. स्टॅबिलायझर मुद्दाम टाळला, तो स्वतःच चोवीस तास वॅट खात बसतो.

वॅट खाण्यावरून पुढचा मुद्दा. दुसरी बॅटरी घ्यायचं ठरवलं होतं, पण क्लॅम्प मीटरने इन्व्हर्टरचा नो-लोड, म्हणजे काहीच जोडलेलं नसतानाचा खर्च, मोजला तर 18 वॅट. दिवसाचे 430 वॅट-अवर! फ्रिज स्वतः दिवसाला 600 च्या आसपास घेतो. एवढी वीज नुसतं जागं राहायला जाणार असेल तर रात्री इन्व्हर्टर बंदच का करू नये?

म्हणून फ्रीझरमध्ये पाण्याच्या एक-एक लिटरच्या चार बाटल्या ठेवल्या, वर दहा टक्के मोकळ्या, कारण गोठताना पाणी फुगतं. किलोभर बर्फ वितळताना 334 किलोज्यूल, म्हणजे 93 वॅट-अवर उष्णता शोषतो. फ्रिजमध्ये रात्रभरात झिरपणारी उष्णता मी 350 वॅट-अवरच्या आसपास धरली, तर बाटल्यांतला साडेतीन किलोंच्या वरचा बर्फ जवळजवळ पुरायला हवा. दुपारी ऊन फुकट चाललेलं असताना थर्मोस्टॅट चढवून बर्फ करायचा, रात्री नऊला सगळं बंद, सकाळी ऊन आलं की चालू. पहिल्या चाचणीत सकाळी मधल्या कप्प्यात 7 अंश होते, दूध उत्तम. काकूंची अट एकच: रात्री दार कुणी उघडायचं नाही. मिठाचं पाणीही करून पाहिलं, पण ते गोठवायला फ्रीझरला फार वेळ लागतो. दूध-दह्यासाठी साधं पाणीच बरं.

हे लिहिता लिहिताच हिशोब बदलला. पावसाळ्यात अडचण साठवणुकीची नसते, मिळकतीची असते. जुलै-ऑगस्टच्या सलग ढगाळ दिवसांत दुसरी बॅटरी रिकामीच राहील, दुसरं पॅनल जोडलं तर मात्र ढगातूनही मिळकत दुप्पट होईल. तर बॅटरीचे पैसे पॅनलला. जोडणी पॅरललच करणार. सिरीजमध्ये (एकामागे एक जोडून) दोघांचं मिळून व्हीओसी, म्हणजे लोड नसतानाचं व्होल्टेज, 25 अंशांना 99 व्होल्ट होतं आणि आपल्या एमपीपीटीची मर्यादा 100. जानेवारीत सकाळी पारा 9 वर आला की ते 103 पर्यंत जाईल आणि कंट्रोलर जळू शकतो, कारण थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं. पॅरललमध्ये कडक उन्हात एमपीपीटीच्या 40 अँपिअरच्या मर्यादेवर कात्री लागेल, लागू दे.

स्टँडसाठी लोखंडी अँगल की ॲल्युमिनियम रेल, हे अजून ठरत नाहीये. शेतावर वारा जोराचा असतो. उघड्या माळावर दोन मोठी पॅनल लावलेल्यांनी पायाचे बोल्ट किती खोल घेतलेत ते सांगा, पहिल्या पावसाच्या आत काँक्रीट भरायचंय.