पार्किंगमधली भाटी घरात घ्यायची की नाही: माझा अनुभव

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन मांजरं होती. एक काळी-पांढरी भाटी, साधारण वर्षाची, आणि दुसरा जाड गालांचा पिवळा बोका. जूनमध्ये पाऊस लागला तशी दोघंही मीटरबॉक्सच्या वरच्या स्लॅबवर मुक्कामाला आली. पाच आठवड्यांनी भाटी तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरात होती आणि बोका नसबंदी होऊन परत त्याच स्लॅबवर. दोघांचे निर्णय वेगळे का झाले, त्याचा हिशेब इथे मांडतो आहे. बाहेर असतानाच जे तपासता येतं ते बाहेरच तपासून घ्यावं. दया येऊन आधी दार उघडलं की तेच प्रश्न नंतर पलंगाखाली बसून राहतात.

पहिला प्रश्न, मांजर कोणाचं आहे का? आपल्याकडे एकच मांजर तीन घरी जेवतं आणि तिन्ही घरांना ते आपलंच वाटतं. पोट भरलेलं, अंग स्वच्छ, हाक मारली की येणारं मांजर दिसलं तर आधी चौकशी. हात लावू देणाऱ्या मांजरासाठी सोपी युक्ती म्हणजे कागदी पट्टा. साध्या वहीच्या कागदाची २ सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर लांब पट्टी घ्यायची, वर ‘ही मांजर तुमची आहे का?’ आणि फोन नंबर लिहायचा, गळ्याभोवती दोन बोटं जातील इतकी सैल ठेवून टोकं गोंदाने चिकटवायची. स्टेपलर नको, पिन टोचते. दोराही नको, फांदीत अडकला तर फास बसतो. कागद फाटतो, हाच त्याचा गुण. पावसात तो दोन तासांत विरघळतो म्हणून कोरडा दिवस बघून तीन-चार वेळा बांधावा लागला. फोन आला नाही. वॉचमन, दूधवाला आणि समोरच्या बैठ्या घरांतही विचारून झालं.

मग कान बघायचे. नसबंदी झालेल्या मोकाट मांजराच्या एका कानाचं, बहुधा डाव्या, टोक साधारण १ सेंटीमीटर सरळ रेषेत कापलेलं असतं. मारामारीत फाटलेला कान वेडावाकडा असतो, त्याला फसू नये. दोघांचेही कान सरळ कापलेले नव्हते.

भाटी असेल तर पोटाखाली बघणं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच लोक विसरतात. सड मोठे, गुलाबी, भोवतालचे केस विरळ झालेले असतील तर ती पाजती आहे. पिल्लं कुठेतरी डक्टमध्ये, टाकीमागे, बंद पडलेल्या गाडीखाली आहेत. अशा भाटीला उचलून घरात कोंडलं तर पिल्लं भुकेने मरतात. खाऊन झाल्यावर ती घाईने एकाच दिशेला जाते. दोन संध्याकाळी लांबून नजर ठेवली की जागा सापडते. मग आणायचं तर सगळ्यांना एकत्र, आणि पिल्लांना किमान ८ आठवडे आईजवळ ठेवायचं. आमची भाटी पाजती नव्हती.

यानंतरचे दोन आठवडे निर्णयाचे. मांजराची पिल्लं वयाच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाला ओळखायला शिकतात. त्या काळात माणसाचा हात लागलाच नसेल तर मोठेपणी मांजर आपल्याला शिकारीच समजतं, आणि बंद घर ही त्याच्यासाठी शिक्षा असते. हे मांजर कुठल्या गटातलं, हे ओळखायला मी रोज संध्याकाळी साडेसातला, एकाच जागी, ३० ग्रॅम कोरडं खाणं ठेवत होतो आणि वीस मिनिटांनी वाटी उचलत होतो. वाटी रात्रभर राहिली की मुंग्या, घुशी आणि सेक्रेटरी, तिन्ही येतात. मी पहिल्या दिवशी वाटीपासून तीन मीटरवर बसलो, मग दर दिवशी थोडं पुढे. डोळे रोखून बघायचं नाही, बाजूला तोंड करून बसायचं.

भाटी चौथ्या दिवशी शेपूट उभी करून आली. सहाव्या दिवशी पायाला अंग घासलं. मुख्य म्हणजे ती माझ्याकडे बघून ‘म्याँव’ करायची. मोठी मांजरं आपसात सहसा म्याँव करत नाहीत, तो आवाज माणसांसाठी राखलेला असतो. म्हणजे ही कधीतरी कोणाच्या घरात होती, किंवा लहानपणी हाताळलेली होती. बोका मात्र चौदाव्या दिवशीही मी उठून गेल्याशिवाय वाटीला तोंड लावत नव्हता. अंग जमिनीला चिकटवलेलं, आवाज नाही, नजर सतत पळायच्या वाटेवर. त्याचा निर्णय तिथेच झाला: नसबंदी, रेबीजची लस, आणि परत त्याच जागी.

‘लांब सोडून या’ असं सांगणारे प्रत्येक सोसायटीत असतात. मांजर जागेला बांधलेलं असतं. नव्या जागी त्याला पाणी कुठे, लपायचं कुठे, कुत्री कुठली, काहीच ठाऊक नसतं. ते परत यायला निघतं आणि बऱ्याचदा रस्त्यावर चिरडलं जातं. आणि इकडे कचरा आणि उंदीर तसेच असतील तर त्या रिकाम्या जागी दुसरा बोका येतो, नसबंदी न झालेला.

बोक्याला पिंजऱ्यात घेताना आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पाणी चालू. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र घातलं, कारण पायाला जाळी लागली की मांजर मागे वळतं. अगदी आत टोकाला उकडलेल्या बांगड्याचा एक चमचा. जास्त ठेवायचं नाही, भूल द्यायची असते. झडप पडताक्षणी पिंजऱ्यावर जाड चादर टाकायची. अंधार झाला की धडका थांबतात, नाहीतर नाक-नखं रक्ताळतात. पूर्ण शुद्धीवर आल्यावर, दुसऱ्या दिवशी, तिथेच सोडला. बोक्याचं भिंतींवर लघवी उडवणं आणि भांडणं लगेच थांबत नाहीत, काही आठवडे जातात. ‘ऑपरेशन करूनही वास येतोय’ ही तक्रार पहिल्या महिन्यात ऐकून घ्यायची.

आता घराची परीक्षा. मांजरीची ॲलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनाची असते. ती चाटते तेव्हा ते केसांवर येतं आणि सुकून घरभर उडतं. म्हणून घरात दमेकरी असेल तर त्याला आधी मांजर असलेल्या ओळखीच्या घरी दोन-तीन तास बसवावं, तेही दोनदा. घरात गर्भवती असेल तर मांजर नाकारायचं कारण नाही, पण विष्ठेचा ट्रे दुसऱ्याने रोज साफ करावा. टॉक्सोप्लाझ्मा या गर्भाला धोकादायक परजीवीची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला १ ते ५ दिवस लागतात, त्यामुळे रोजची सफाई हाच बचाव.

खिडक्यांवर माझा सगळ्यांत जास्त वेळ गेला. खिडकीच्या ग्रिलमधली १० सेंटीमीटरची फट मांजराला दरवाजासारखी. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी उन्हाने ठिसूळ होते, आणि मांजर ती दाताने तोडतं. बाल्कनी आणि किचनच्या खिडकीला वेल्डमेश लावून घेतली, तारेची, अर्ध्या इंचाची. मांजर बहुधा पायावर पडतं हे खरं, पण तिसऱ्या मजल्यावरून पायावर पडूनही जबडा, छाती आणि पाय मोडतात. बहुतेक वेळा ते उडी मारत नाही, कबुतरावर झेपावताना तोल जातो.

फिनाईल घरातून काढलं. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट मोडता येत नाहीत, आणि पुसलेल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं. कपाटातल्या उघड्या डांबरगोळ्या आणि फुलदाणीतली लिली, दोन्ही बंद. घरच्यांना बजावून सांगितलं ते पॅरासिटामॉलबद्दल. ताप वाटतो म्हणून अर्धी गोळी दिली तरी मांजर मरू शकतं. कुत्र्याच्या पिसवांचं मानेवर टाकायचं औषधही नको. त्यात परमेथ्रिन असलं तर मांजराला झटके येतात.

कॅरिअर एक आठवडा आधी पार्किंगमध्ये उघडं ठेवून वाटी रोज थोडी आत सरकवली. वरचा भाग निघणारं कॅरिअर घ्यावं. डॉक्टरांना मांजर ओढून काढावं लागत नाही, झाकण काढून तिथेच तपासता येतं. घरी न आणता आधी दवाखान्यात नेली, रिक्षाने, वर जुना पंचा टाकून.

डॉक्टरांनी दातांवरून वय काढलं. सहा महिन्यांपर्यंत सगळे पक्के दात येतात, पुढचा अंदाज पिवळ्या थरावरून. कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ, म्हणजे कानातले माइट्स, डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे. पिसवा आहेत का, हे घरीही कळतं. बारीक फणीने निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं काही दिसलं तर पट्टकृमी, त्याला प्राझिक्वांटेल असलेलं औषध लागतं, वजनावर मोजून. जंताचा डोस २ ते ३ आठवड्यांनी पुन्हा. रक्ताच्या काही थेंबांवर एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांची प्रतिकारशक्ती घटवणाऱ्या विषाणूंची झटपट चाचणी होते, घरात आधीचं मांजर असेल तर ती टाळू नये. लसी म्हणजे तीन रोगांची एकत्र लस, ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोनदा, आणि वेगळी रेबीजची.

पकडताना चावा किंवा ओरखडा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठायचा. हळद भरून घरी बसायचं नाही. मांजरावर १० दिवस लक्ष ठेवायचं, पण तोवर आपली लस थांबवायची नाही.

घरात पहिले १४ दिवस एकच खोली. पूर्ण घर मोकळं सोडणं ही नेहमीची चूक. मांजर फ्रिजमागे जातं आणि तीन दिवस बाहेर येत नाही. खोलीत दोन भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, एका कोपऱ्यात पाणी आणि खाणं, समोरच्या कोपऱ्यात ट्रे. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा. आमचा ट्रे म्हणजे प्लास्टिकचा पसरट टब आहे. त्यात बेंटोनाइटचं लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची चिकणमातीची वाळू, ५ ते ७ सेंटीमीटर. मातीत बसायची सवय असलेल्या मांजराला ते परकं वाटतं, म्हणून पहिल्या दिवशी वर दोन ओंजळी बागेतली माती पसरली आणि रोज कमी करत आठवड्यात बंद केली. कुंड्यांवर गोटे टाकले, नाहीतर तुळशीची कुंडीच संडास होते.

खाणं पहिले तीन दिवस बाहेर होतं तेच, मग ७ ते १० दिवसांत बदल. साडेतीन किलोच्या मांजराला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाणं, म्हणजे महिन्याला पावणेदोन किलोच्या आसपास. दूध-पोळीवर मांजर जगतं असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानलं. ते जगत होतं उंदरांवर. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, आणि टॉरिन हे त्यांना लागणारं पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं. नुसतं उकडलेलं चिकनही पुरत नाही, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं.

पहिल्या दिवशी तिने खाल्लं नाही. २४ तास वाट बघता येते, ४८ तास नाही. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते त्यातून मरू शकतं. बांगड्याचं पाणी कोमट करून खाण्यावर घातलं, रात्री वाटी रिकामी झाली. बोका घरात असेल आणि ट्रेमध्ये वारंवार बसून लघवी होत नसेल, तर सकाळपर्यंत न थांबता दवाखाना गाठायचा.

रात्रीचं ओरडणं सहा रात्री चाललं. तीन वाजता दार उघडलं की ओरडल्यावर दार उघडतं, हे मांजर शिकतं. झोपायच्या आधी १५ मिनिटं दोरीमागे पळवून मग जेवण दिलं की फरक पडतो. सातव्या रात्रीनंतरही गळा काढून लोळणं सुरू राहिलं, तो मात्र माज होता. गाभण राहिली नाही तर तो दोन-तीन आठवड्यांनी परत येतो. नसबंदी तिसऱ्या आठवड्यात झाली, आणि टाके चाटू नये म्हणून जुन्या टी-शर्टची बाही १० दिवस अंगात.

दिवसा बाहेर, रात्री घरात, हा मधला मार्ग कोकणातल्या अंगणाच्या घरात चालतो. इथे खाली उतरलं की कर्वे रस्त्यासारखी रहदारी आहे, म्हणून मी तो ठेवला नाही.

शेवटचं ठरवायला चार आठवडे दिले होते. ती नीट खाते का, ट्रे वापरते का, आणि अंग ताणून, पोट वर करून झोपते का? तिन्हीचं उत्तर हो आलं. नाही आलं असतं तर नसबंदी आणि लसी झालेली भाटी त्याच मीटरबॉक्सपाशी, त्याच साडेसातच्या वाटीवर परत गेली असती, म्हणून वाटी मी बंद केली नव्हती. मात्र एकदा पाळली की उपाशी राहील अशा अवस्थेत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. त्यामुळे चार आठवड्यांनंतर हा प्रश्न मी पुन्हा उघडला नाही. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांची नोंदणी सक्तीची केली, त्यासाठी रेबीजच्या लसीचं कार्ड जपून ठेवलं आहे.

बोका अजून साडेसातला येतो. आता मी दोन मीटरवर बसलो तरी खातो, त्याहून जवळ नाही.