बाबांची एस्टीम आणि ताम्हिणीची वळणं

आमची मारुती एस्टीम २००२ सालची. बाबांनी चार वर्षांपूर्वी गाडी चालवणं सोडलं आणि किल्लीसोबत एक छोटी डायरी माझ्या हातात दिली. पेट्रोल कधी भरलं, किती किलोमीटर झाले, काय काम केलं, सगळं त्यात लिहिलेलं. पुढचे शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे स्प्रिंगांचं उसळणं आवरणाऱ्या तेलाच्या नळ्या, बदलल्याची शेवटची नोंद २००९ची होती. ती मी वाचली होती, पण तिचा अर्थ समजायला मला दोन वर्षं लागली.

पुण्याहून माणगावजवळच्या आमच्या गावी महिन्यातून एकदा तरी जाणं होतं. पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर असा रस्ता. एस्टीमचं इंजिन अजून खणखणीत आहे. १३०० सीसी, गाडी वजनाला हलकी, त्यामुळे चढावर ती कधी रडत नाही. अडचण वळणांची होती. वळण घेताना गाडी एका बाजूला कलायची, वळण संपलं की दुसऱ्या बाजूला झुकायची आणि मग पुन्हा एकदा हलून सरळ व्हायची. तोवर पुढचं वळण आलेलं असायचं. आई मागच्या सीटवर दारावरचं हँडल घट्ट धरून बसायची, आणि घाट उतरेपर्यंत एकदा तरी गाडी थांबवावी लागायची. तिला पूर्वी घाट लागत नसे. वय झालं म्हणून लागतो, असं ती म्हणायची. मला ते पटत नव्हतं.

आणखी एक गोष्ट खुपायची. डाव्या वळणात गाडी बरी वागायची, पण उजव्या वळणात मागची बाजू बाहेर सरकल्यासारखी वाटायची. पावसात तर त्या बाजूच्या प्रत्येक वळणाला मी श्वास रोखून धरायचे. हे कुणाला सांगितलं की उत्तर एकच: ‘टायर बदला.’

मी पहिली चूक केली ती घाईने. एका गॅरेजमध्ये सांगितलं की गाडी कलते. तिथले म्हणाले, खाली बसवून देतो, रस्त्याला चिकटून चालेल. त्यांनी पुढच्या स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापले आणि लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे, रबरी बुशही बदलून दिले. गाडी दिसायला देखणी झाली. पहिल्याच फेरीत पौडच्या पुढच्या खड्ड्यांत समोरून ‘ठक्’ असा आवाज येऊ लागला, आणि घाटात तर गाडी आधीपेक्षा जास्त बिघडली. वळणात मधेच खड्डा आला की पुढची चाकं रस्ता सोडून सरळ जायला बघायची.

का, ते नंतर कळलं. स्प्रिंग कापली की ती आखूड होते आणि कडकही, कारण दाबल्या जाणाऱ्या वेढ्यांची संख्या कमी होते. पण शॉकॲब्सॉर्बर जुन्याच मापाचा. त्याचा दांडा आधीच अर्धा आत गेलेला, त्यामुळे थोडा धक्का बसला तरी तो रबरी स्टॉपरवर आपटतो. आपटला की सस्पेन्शन संपलं, त्या क्षणी चाकावर एकदम जोर येतो आणि टायरची पकड सुटते. दुसरी गोष्ट मला जास्त चकित करून गेली. एस्टीमसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असलेल्या) गाडीत लोअर आर्म साधारण आडवा किंवा बाहेरच्या टोकाला किंचित खाली असायला हवा. गाडी फार खाली बसवली की त्याचं बाहेरचं टोक वर जातं. मग गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, गाडीचं वजन जितकं खाली आलं त्याहून कितीतरी जास्त खाली सरकतो. दोहोंमधलं अंतर वाढतं आणि कलण्याचा जोरही वाढतो. म्हणजे कलणं कमी करायला म्हणून केलेल्या कामाने ते वाढवलंच.

त्यानंतर मी बाबांच्या जुन्या मिस्त्रींकडे गेले. बाबा त्यांना वीस वर्षं ओळखतात, मी लहानपणापासून मामा म्हणते. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. पुढचं चाक जॅकवर उचललं, आधी घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं, मग तीन आणि नऊच्या. मग लोअर आर्मखाली पहार घालून थोडी उचकली आणि मला वाकून बघायला लावलं. बुशमधलं रबर बाहेरच्या कड्यापासून सुटलं होतं. आत बोट जाईल एवढी फट.

‘हे तर मागच्या वर्षी बदललेत,’ मी म्हणाले.

‘बदललेत, पण हवेत आवळलेत.’

मला ते तेव्हा समजलं नाही, म्हणून त्यांनी एक जुना बुश आणून दाखवला. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं आणि मधे दोन्हीला चिकटवलेलं रबर. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, मधलं रबर पिळलं जातं. गाडी लिफ्टवर असताना चाकं लोंबकळत असतात. तशा अवस्थेत बोल्ट आवळला, की गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर पिळलेलंच राहतं, रात्रंदिवस. वर्षभरात ते फाटतं. म्हणून बोल्ट आधी सैल लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, चार वेळा दाबून बसवायची आणि मगच शेवटचं आवळायचं. त्यासाठी मामांकडे लाकडी ठोकळे आहेत, गाडी त्यांच्यावर चढवून ते खाली झोपतात. वेळ दुप्पट लागतो. लिफ्टवर एका दिवसात चार गाड्या काढणाऱ्याला हे परवडत नसावं, पण नव्या बुशचं आयुष्य बरंचसं याच गोष्टीवर ठरतं.

‘ताई, आधी गाडी कंपनीतून आली तशी करू. मग काय वाढवायचं ते बघू,’ मामा म्हणाले. त्यांचं हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं.

सुटे भाग गोळा करायला दीड महिना गेला. एस्टीमचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. नाना पेठेत मी तीन फेऱ्या मारल्या. रबराचे भाग घेताना मामांनी एक ताकीद दिली होती: पुडी नवी दिसली तरी रबराला नख लावून बघ. दहा वर्षं दुकानात पडलेलं रबर नख लावलं तरी दबत नाही, त्याला बारीक भेगा असतात. अशा दोन जोड्या मी परत केल्या. कापलेल्या स्प्रिंगांच्या जागी मूळ मापाच्या स्प्रिंगा मिळवणं सगळ्यात अवघड गेलं. त्या अखेर मुंबईत कुर्ल्याच्या एका दुकानात सापडल्या.

काम दोन दिवस चाललं. लोअर आर्मचे बुश, चाक वळू देणारा बॉल जॉइंट, स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक म्हणजे टाय रॉड एंड, स्ट्रटची वरची माउंटिंग बेअरिंगसकट, धुळीचे बूट आणि स्टॉपर. माउंटिंगचं बेअरिंग अडकलं होतं, म्हणूनच वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नव्हतं. मी ते पॉवर स्टिअरिंगचं दुखणं समजत होते. शॉकॲब्सॉर्बर चारही नवे, गॅस भरलेले. जुन्यात तेल सतत घुसळलं जाऊन खराब रस्त्यावर फेसाळतं आणि दहा-पंधरा किलोमीटरनंतर शॉकॲब्सॉर्बर पोकळ पडतो. नायट्रोजनचा दाब तेलाला फेसाळू देत नाही. घाट उतरताना शेवटच्या वळणाला गाडी पहिल्या वळणासारखीच वागते, ती यामुळे.

कडक स्प्रिंगा टाकायचा विचार सोडला. आपल्या रस्त्यांवर कडक स्प्रिंग म्हणजे चाक खड्ड्यावरून उडणार, आणि उडालेलं चाक वळवत नाही. पॉलियुरेथेनचे बुश फक्त कलणं कमी करणाऱ्या स्टॅबिलायझर बारला लावले, भरपूर ग्रीस घालून. लोअर आर्मला रबरच ठेवलं, कारण तिथे बुशला फिरण्याबरोबर थोडं मागेपुढेही व्हावं लागतं. बॉनेटखाली दोन स्ट्रटना जोडणारा दांडा एका ओळखीच्यांनी लावून बघायला दिला होता. दोन फेऱ्या केल्या, मला फरक जाणवला नाही, परत केला.

गाडी आता एकदा दाबली की एकदाच वर येऊन थांबायची. वळणांमधलं ते झुलणं गेलं. पण उजव्या वळणात मागची बाजू सरकायची, ती तशीच.

याचं उत्तर मिळालं ते अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांची दिशा जुळवण्याच्या, दुकानात, तेही दुकान बदलल्यावर. एस्टीमचं मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, आणि मागच्या चाकाची दिशा एका कंट्रोल रॉडने धरलेली असते. त्या रॉडच्या बोल्टवर मागच्या चाकाचा टो, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बघतं ते, बदलता येतो. हे बऱ्याच दुकानांत माहीत नसतं, कारण तेव्हाच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे सरळ ॲक्सल असायचा, तिथे बदलण्यासारखं काही नसे. म्हणून ‘अलाइनमेंट’ म्हणजे पुढची दोन चाकं. माझ्या गाडीचं तसं किमान सहा वेळा झालं होतं. स्टिअरिंग डावीकडे कललेलं दिसलं की टाय रॉड फिरवून ते सरळ करून द्यायचे आणि दोष झाकला जायचा.

नव्या दुकानात मी आग्रह धरला की चारही चाकांवर मोजमापाचे आरसे लावा. पडद्यावर मागचं डावं चाक लाल रंगात आलं: जवळजवळ अर्धा अंश बाहेर. मामा सोबत आले होते. त्यांनी खाली वाकून पाहिलं, डावा कंट्रोल रॉड किंचित वाकलेला होता. कधीतरी कुणीतरी जॅक चुकीच्या जागी लावला असणार. उजव्या वळणात गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. त्यातलं मागचं चाक बाहेर बघत असेल तर ते गाडीचं शेपूट बाहेर ओढणारच. डाव्या वळणात तेच चाक हलकं असतं, म्हणून तेव्हा काही जाणवत नव्हतं. त्या टायरची आतली कड झिजली होती, तेही याच कारणाने. इतकी वर्षं ती कड माझ्या डोळ्यांसमोर होती.

रॉड बदलला, मागची दोन्ही चाकं किंचित आत बघतील अशी बसवली, मग पुढची. हा क्रम महत्त्वाचा आहे, आधी मागे आणि मग पुढे.

टायर शेवटी बदलले. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण बाजूवर कोरलेले चार आकडे १४११ असे होते, म्हणजे २०११ सालचा चौदावा आठवडा. रबर दगडासारखं झालं होतं. माप तेच ठेवलं, १७५/७० आर १३. मोठी अलॉय चाकं शोभली असती, पण आरसी नूतनीकरणाला गाडी आरटीओत दाखवावी लागते, आणि मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमामुळे मूळ रचनेत फार ढवळाढवळ करायची नाही असं मी ठरवलं होतं. शिवाय जाड बाजूचा टायर मुळशीच्या खड्ड्यांना उपयोगी पडतो.

सगळा खर्च टायरसकट अडतीस हजारांच्या आसपास गेला. स्प्रिंगा कापण्यात गेलेले सात हजार वेगळे. यात एकाही भागाने गाडी जास्त वेगवान झालेली नाही. मी घाटात अजूनही तितक्याच वेगाने जाते, फक्त आता वळणाच्या आत एकदा स्टिअरिंग ठरवलं की ते पुन्हा सुधारावं लागत नाही.

जुलैत गावी गेलो. ताम्हिणीत धुकं होतं, रस्त्यावरून पाणी वाहत होतं. विळ्याला चहाला थांबलो तेव्हा आईने विचारलं, ‘घाट झाला?’ बाबा शेजारच्या सीटवर होते. त्यांनी खणातून डायरी काढली, शर्टाच्या खिशातलं पेन माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, ‘कामं लिही सगळी. तारीख आणि किलोमीटर आधी.’