कशाला उगाच

गुरुवार, रात्री साडेनऊ

आज प्लास्टर निघालं. दीड महिना झाकलेला हात बाहेर आला, तर तो माझा वाटेचना. बारीक झालाय, कातडीला पापुद्रे सुटलेत, मनगट जेमतेम वळतं. चेंडू दाबायचा व्यायाम सांगितलाय. पेन अजून धरवत नाही, म्हणून फोनवरच डाव्या अंगठ्याने लिहितेय.

संक्रांतीच्या सकाळी रामकुंडावर शेवाळलेल्या पायरीवरून घसरले, तेव्हा ‘आई गं’च्या आधी तोंडून ‘नको नको, उठते मी’ निघालं होतं. फुलं विकणारी एक बाई धावत आली होती, तिला म्हटलं ते. तिने ऐकलं नाही. माझ्याच ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला, रिक्षात बसवलं. मी डाव्या हाताने पर्स उघडायला लागले, तर तिने चेन ओढून पर्स परत बंद केली. झेंडूने पिवळी झालेली तिची बोटं अजून डोळ्यांसमोर आहेत.

हे ‘नको’ आमच्या घरात फार जुनं. आजोबा पंचवटीत वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. एखाद्या घरचे गावाला गेले की तो वार उपाशी. जेवू घालणारी माणसं चांगली होती, आजोबा शेवटपर्यंत त्यांचं नाव काढायचे. पण वाढायची वाट पाहत कोपऱ्यात बसलेला तो मुलगा त्यांच्या मनातून कधी गेला नाही. नोकरी लागल्यावर त्यांनी घराला एकच नियम घालून दिला, कुणाचं काही बाकी ठेवायचं नाही. वडिलांनी तो पाळला. मी तर त्याची वही केली, लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी. शेजारून वाटीभर आमरस आला, की संध्याकाळच्या आत त्या वाटीतून काहीतरी परत. डबा रिकामा देऊ नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे आईचं शिकवणं. तिच्या साखरेत माया होती. माझ्या डब्यात हिशोब मिटवायची घाई असायची.

गेल्या महिन्यात निफाडचा मामेभाऊ द्राक्षांचा क्रेट घेऊन आला. थॉमसनचे घड, मण्यांवरची पांढुरकी झाकही पुसली गेलेली नाही, इतक्या जपून आणलेले. निफाडला पारा उतरला की मणी तडकतात, म्हणून रात्र रात्र जागून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. ऑक्टोबरच्या छाटणीपासून त्याचं घर त्या बागेवर डोळे लावून बसलेलं असतं. हे सगळं मला माहीत आहे. तरी मी त्याच्या खिशात पाचशेची नोट कोंबली. त्याने ती काढून टेबलावर ठेवली, वर पाण्याचा पेला ठेवला. म्हणाला, “ताई, विकायची असती तर मी इथवर आलो असतो का?” चहा न घेता गेला. त्या नोटेकडे मला बघवेना.

त्याच्या थोडं आधी सोसायटीत हळदीकुंकू होतं. मी हात गळ्यात अडकवून खुर्चीत बसले होते. एकेक बाई कुंकू लावून घेत होती, वाण घेत होती, तिळगूळ तोंडात टाकत होती. ‘कशाला उगाच’ कुणी म्हणालं नाही. मीसुद्धा वीस वर्षं पदर पुढे करून वाण घेत आलेय. तिथे जमतं ते मला उंबऱ्याच्या आत का जमू नये?

आणि काकू. एका हाताने वेणी घालता येत नाही, हे हात मोडल्याशिवाय कळत नाही. पहिला आठवडा केस कसेबसे क्लिपमध्ये कोंबून काढला. मग एका संध्याकाळी समोरच्या काकू स्वतःचा कंगवा आणि तेलाची वाटी घेऊन आल्या. “बस खाली. पाठ कर इकडे.” मी म्हटलं, काकू, कशाला उगाच, कापूनच टाकते आता. “काप की. पण आज बस.” त्यांनी आधी टोकांचा गुंता काढला. मुळाशी ओढ बसू नये म्हणून केस मधेच मुठीत घट्ट धरले होते. आई अगदी असंच धरायची. दहावीनंतर माझे केस कुणी विंचरले नव्हते. विंचरता विंचरता त्या लेकीबद्दल बोलत होत्या. ती पुण्याला असते, केस आखूड केलेत. “शाळेच्या वेळेला रोज दोन वेण्या पडायच्या गं माझ्या हातून.” मी मनात नेहमीसारखी आकडेमोड सुरू केली होती, यांना काय द्यावं, साडी की आणखी काही. ती तिथेच थांबली. डोळे भरून आले. पाठमोरी होते, त्यांना दिसलं नसेल. कदाचित दिसलंही असेल.

मग रोज संध्याकाळी त्या येत राहिल्या.

आज दवाखान्यातून आल्यावर आधी मामेभावाला फोन लावला. म्हटलं, द्राक्षं फार गोड होती रे, अजून आहेत का बागेत? क्षणभर तो काही बोललाच नाही. मग मोठ्याने हसला. रविवारी आणतो म्हणाला. पाचशेची ती नोट मी उचलून ठेवली आहे.

सात वाजता बेल वाजली. काकूंच्या हातात वाटी होती, कंगवा होता. माझ्या मोकळ्या मनगटाकडे त्यांनी पाहिलं आणि दारातच थबकल्या. मी पाट ओढला आणि पाठ करून बसले.