तुम्ही विचारलंत म्हणून: आईबापच पोर देतात, मग ती तस्करी कशी?

कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर काम करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. शिक्षक विचारतात, वकील विचारतात, माझ्या घरची माणसंही विचारतात. "आईबाप स्वतः पैसे घेतात, स्वतः पोराला गाडीत बसवून देतात. कुणी पळवून नेलेलं नाही. मग याला मानवी तस्करी कसं म्हणता?"

सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली दहा वर्षांची एक कातकरी मुलगी वारली. नगर जिल्ह्यात एका मेंढपाळाकडे ती राबत होती. अगदी शेवटच्या अवस्थेत तिला घरी आणून सोडलं होतं. चौकशी लागली तेव्हा त्या भागातली आणखी बरीच मुलं अशीच दिलेली निघाली. बदल्यात घरी आले होते थोडे पैसे आणि कुठं एखादी मेंढी. 'मुलं विकली' अशा बातम्या आल्या आणि लोकांचा सगळा राग आईबापांवर निघाला. पैसे देणाऱ्याचं नावही कुणी काढेना. मला संताप येतो तो याचा.

बयाणा, म्हणजे कामाआधी दिलेली उचल, कधी दिला जातो ते बघा. भातलावणी उरकली की वाडीवर काम नसतं. बहुतेक कातकऱ्यांना शेती नाही, कित्येकांच्या झोपडीखालची जागाही दुसऱ्याच्या नावावर. श्रावण-भाद्रपदात घरात तांदूळ नसतो, त्यातच कुणाला ताप, कुणाचं बाळंतपण. नेमका तेव्हाच मजूर गोळा करणारा मुकादम येतो. परका नसतोच तो, शेजारच्या वाडीतला, नावानं हाक मारणारा. हातावर पैसे ठेवतो, आणि दिवाळी झाली की अख्खं कुटुंब कोळसाभट्टीवर नाहीतर वीटभट्टीवर. काही घरांतून एक पोर तेवढं जातं, गुरांमागं किंवा मेंढरांमागं.

भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, तेल-मीठ-तांदळापुरती. मजुरी हातात पडत नाही, ती बयाण्यात वळती होते म्हणून सांगतात. कोळशाच्या गोण्या किती भरल्या ते शेठच्या वहीत. एका बाईनं मला एक काठी दाखवली होती. लिहिता-वाचता येत नाही, म्हणून नवरा-बायकोनं भरलेल्या दर गोणीमागं तिनं विळ्यानं एक खाच पाडलेली. काठी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती. वहीत त्याच्या निम्म्याही गोण्या नव्हत्या. पावसाच्या तोंडावर हिशेब झाला आणि उलट त्यांच्याच अंगावर पैसे फिरले. म्हणजे पुढचा हंगामही तिथंच.

आता कायद्याचं. भारतीय दंड संहितेचं कलम ३७०, म्हणजे जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम १४३. शोषणासाठी माणूस मिळवायचे जे मार्ग त्यात गुन्हा म्हणून दिलेत, त्यांत एक असा आहे: ती व्यक्ती ज्याच्या ताब्यात आहे, त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे किंवा लाभ देणं. तुमच्या प्रश्नातली परिस्थिती कायद्यानं जशीच्या तशी लिहून ठेवली आहे. राबवल्या गेलेल्या माणसाची स्वतःची संमती होती का, याला तिथं काही महत्त्व नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं असलं कर्जच रद्द केलंय, आणि ते वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं मालकावर टाकलंय. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये सांगितलं.

तरी चौकशीत साहेब विचारतात, "स्वखुशीनं गेला होतात ना?" समोरचा म्हणतो, "होय साहेब." जबाब संपतो. विचारायला हवं ते हे: मधेच घरी यायचं म्हटलं असतं तर येऊ दिलं असतं का? पैसे फिटायच्या आधी दुसरीकडे कामाला गेला असतात तर काय झालं असतं? सासू वारली तेव्हा दोघंही गेलात, की एकाला ठेवून घेतलं? एवढं विचारलं की माणूस हळूहळू बोलायला लागतो.

सुटका झाली, मुक्ततेचा दाखला मिळाला, तर तातडीची मदत ३० हजारांपर्यंत मिळते. बाईला किंवा मुलाला पुढे २ लाखांची तरतूद आहे, पण त्यासाठी फाईल वर्षानुवर्षं फिरते. तोवर भाद्रपद पुन्हा येतो. म्हणून माझं सगळं भांडण त्या दोन महिन्यांसाठी आहे. आदिवासींना पावसाळ्यात खावटी, म्हणजे खाण्यापुरतं कर्ज देण्याची योजना राज्यानं १९७८ मध्ये आणली होती, मग ती बंद पडली. कोरोनाच्या काळात कुटुंबामागं ४ हजारांचं खावटी अनुदान दिलं, निम्मं रोख आणि निम्मा किराणा. मुकादमाच्या आधी असे पैसे दरवर्षी वाडीत पोचले पाहिजेत, रोजगार हमीचं काम आणि वेळेवर मजुरी पोचली पाहिजे. माझ्या मते तस्करी रोखण्याचं पहिलं काम हेच आहे, छाप्यांच्याही आधीचं.

आणि तुमच्या गावाजवळ भट्टी लागली असेल, तिथं लहान मुलं राबताना दिसत असतील, तर मुकादमाला जाब विचारायला जाऊ नका. रातोरात कुटुंबं दुसऱ्या जिल्ह्यात हलवतात. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, तहसीलदार आणि जिल्हाधिकारी दोघांनाही लेखी अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.