ब्राउझर अडकतो तेव्हा आधी काय बघायचं

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत ओळखीच्या घरांतून मला एकच प्रश्न येतो: "ब्राउझर सारखा हँग होतोय. फॉरमॅट मारू, की नवा कॉम्प्युटर घेऊ?" माझ्या मते बहुतेक घरांत दोन्हींची गरज नसते. फॉरमॅटला, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायला, तर माझा ठाम विरोध आहे. त्यात बुकमार्क जातात, पासवर्ड जातात, डेस्कटॉपवर ठेवलेले नातवंडांचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब जातात. मूळ कारण तसंच राहिलं, तर थोड्या दिवसांत मशीन पुन्हा पहिल्यासारखंच रखडायला लागतं.

आधी मशीन अडतंय की नेट, ते ठरवा. वरच्या अॅड्रेसच्या पट्टीत काहीतरी टाइप करा. अक्षरं उशिरा उमटत असतील, तर अडचण मशीनमध्ये आहे. अक्षरं पटापट येतात पण पानावर नुसतं चक्र फिरतंय, तर नेट किंवा ती साइट. मोबाइलचं वायफाय बंद करून तेच पान उघडून बघा. तिथेही अडलं, तर साइटवरच गर्दी आहे. दहावीच्या निकालाच्या दुपारी घरच्या कॉम्प्युटरला दोष देण्यात अर्थ नाही.

मशीनच अडत असेल, तर खरी गंमत पुढे आहे. वर्तकनगरच्या एका निवृत्त सरांकडे गेले होते. सर म्हणाले, "अहो, पेन्शनचं पान उघडायला चहा होऊन जातो." कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे कोणता प्रोग्राम किती मेमरी आणि डिस्क वापरतोय ते दाखवणारी खिडकी. मेमरी नव्वदीच्या पुढे आणि डिस्क सरळ 100 टक्के. कॅबिनेटवरचा लाल दिवा न थांबता लुकलुकत होता, आतून बारीक करकर ऐकू येत होती. रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, फक्त 4 जीबी; आणि डिस्क, जिथे सगळं कायमचं साठतं, ती जुन्या पद्धतीची, फिरणारी.

ती करकर समजून घेतली की अर्धं काम झालं. रॅम भरली की विंडोज त्यातला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. 7200 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 7200 फेऱ्यांची, डिस्क सेकंदाला 120 फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण 8 मिलिसेकंद. शिवाय वाचणारा हात योग्य जागी सरकायला हवा. इकडचं-तिकडचं वाचायचं झालं, तर सेकंदाला शंभरेक वेळाच जमतं. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी नव्या पद्धतीची डिस्क; तिच्यात फिरणारं काहीच नाही, तिथे हेच काम सेकंदाला हजारो वेळा होतं. तुम्ही टॅब बदलता आणि पडदा गोठतो, तेव्हा बऱ्याचदा ब्राउझर बिचारा डिस्कची वाट बघत असतो.

मग मेमरी खातंय कोण? क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. फायरफॉक्समध्ये अॅड्रेसच्या जागी about:processes असं इंग्रजीत लिहायचं. मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की मोठा खादाड वर येतो. सरांकडे वर होतं बातम्यांचं एक पान, आपोआप चालणारे व्हिडिओ आणि जाहिरातींनी भरलेलं, आणि खालोखाल पीडीएफ बदलून देणारं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम. ते कधी बसवलं हे त्यांना आठवेना. पान बंद केलं, एक्स्टेन्शन काढलं, न वापरलेल्या टॅबची मेमरी मोकळी करणारा सेटिंगमधला मेमरी सेव्हर चालू केला. पेन्शनचं पान उघडलं, चहा व्हायच्या आत.

एक्स्टेन्शनचा संशय असेल, तर इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी, खिडकीत तीच साइट उघडा. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तिथे सुरळीत चाललं, तर सगळी बंद करून एकेक चालू करत जा. कॅशे, म्हणजे ब्राउझरने पानांचा साठवून ठेवलेला मजकूर, पुसायची घाई मात्र नको. पानं लवकर उघडावीत म्हणूनच ती साठवलेली असते. पुसल्यावर पहिल्यांदा सगळं उलट हळू होतं. एखादी साइट विचित्र दिसत असेल, तरच पुसा, आणि पासवर्डच्या चौकटीवर टिक नाही ना, हे दोनदा बघा. "स्पीड वाढवा" म्हणणारे फुकटचे क्लीनर तर घरात घेऊच नका.

आपल्याकडचं एक कारण मात्र लोकांच्या लक्षात येत नाही: धूळ. घोडबंदर रोडला बांधकामं आणि मेट्रोचं काम, खिडकी उघडली की टेबलावर थर. तोच थर प्रोसेसरच्या पंख्यावर बसतो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दुपारी रखडणारं आणि सकाळी बरं चालणारं मशीन दिसलं, की मी आधी कॅबिनेट उघडून ब्रश मारते. प्लग काढून, अर्थातच.

विंडोज 7 असेल, तर क्रोम 109 नंतर, म्हणजे 2023 पासून, नवी आवृत्ती मिळत नाही; नव्या साइट अडणारच. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार नकोत.

पडदा गोठून "व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा" असं आलं, तर कळकळीने सांगते, फोन करू नका. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. कुणाच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरचा ताबा दिला असेल किंवा पैसे गेले असतील, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आणि पैसे खर्च करायचेच असतील, तर आधी एसएसडी, मग रॅम. रॅम घ्यायच्या आधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये किती स्लॉट रिकामे आहेत ते बघा; आणि रॅमचा प्रकारही बघा, डीडीआर-3 च्या जागी डीडीआर-4 बसत नाही. दुकानदाराला जुन्या डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, नव्या डिस्कवर करून द्यायला सांगा, म्हणजे सगळं जिथल्या तिथे राहील. जुनी डिस्क काउंटरवर सोडू नका, मागून घ्या. तिच्यात तुमचे पासवर्ड अजून तसेच असतात.