घरातील ऑर्किडला उजेड पुरतो की नाही, हे कसे ओळखावे

ऑर्किडसोबत मिळणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा एवढेच लिहिलेले असते की, या झाडाला भरपूर उजेड द्यावा, मात्र थेट ऊन लागू देऊ नये. ही सूचना चुकीची नाही, पण भरपूर म्हणजे किती हे ठरवण्याचे काम ती आपल्या डोळ्यांवर सोपवते, आणि त्या कामाला डोळा अगदीच अपात्र आहे. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे 1,00,000 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, तर रात्री दिवे लावलेल्या खोलीत जेमतेम काहीशे लक्स. तरीही दोन्ही ठिकाणी आपण तितक्याच सहजपणे वाचू शकतो, कारण डोळा आसपासच्या उजेडाशी जुळवून घेतो. ही सोय झाडाला नाही. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या दिवाणखान्यातले ऑर्किड प्रत्यक्षात उपाशी असू शकते, आणि माझ्या मते घरात न फुलणाऱ्या ऑर्किडांपैकी पुष्कळांची अडचण हीच असते.

घरोघरी दिसणाऱ्या फॅलेनॉप्सिस या ऑर्किडला दिवसा साधारण 10,000 ते 15,000 लक्स उजेड मानवतो. पॅफिओपेडिलम त्याच्या आसपास किंवा थोड्या कमी उजेडातही समाधानी असते, कॅटलियाला 20,000 ते 30,000 लक्स लागतात, आणि व्हँडाची भूक त्याहूनही मोठी असल्यामुळे ते खोलीत फुलवण्याचा अट्टाहास मी कोणालाही सुचवणार नाही. हे आकडे पानावर पडणाऱ्या उजेडाचे आहेत, खोलीच्या सरासरी उजेडाचे नव्हेत. खिडकीच्या काचेला लागून असलेली कुंडी मीटरभर आत सरकवली, तरी तिला मिळणारा उजेड बहुधा निम्म्याहून कमी होतो, कारण तिथून दिसणारा आकाशाचा तुकडाच लहान होतो. त्यामुळे जागा निवडताना उभ्याने खोलीकडे पाहण्यापेक्षा पानांच्या उंचीवर डोळे आणून बाहेर पाहावे. तिथून आकाश दिसत नसेल, केवळ समोरची भिंत किंवा झाडी दिसत असेल, तर खोली कितीही प्रसन्न वाटली तरी ती जागा ऑर्किडची नव्हे. पूर्वेची खिडकी बहुतेक ऑर्किडांना सोयीची पडते, कारण सकाळचे कोवळे ऊन उजेड पुष्कळ देते आणि पाने फारशी तापवत नाही. पश्चिमेच्या खिडकीत मात्र दुपारनंतर पातळ पडदा हवाच.

जागेची पहिली परीक्षा सावलीने करावी. निरभ्र दिवशी, उजेड सर्वांत जास्त असताना, पानांच्या सुमारे 30 सेंटिमीटर वर हात धरावा. बोटांच्या कडा स्पष्ट दिसतील अशी गडद सावली पडली, तर तो उजेड फॅलेनॉप्सिसला जास्त आहे, कॅटलियाला कदाचित योग्य. हाताचा आकार ओळखू येतो पण कडा विरघळल्यासारख्या दिसतात, अशी सावली फॅलेनॉप्सिससाठी उत्तम समजावी. सावली जेमतेम जाणवत असेल, तर झाड जगेल, पण फुलांची आशा धरू नये. मोबाइलमधील लक्स मोजणारी अ‍ॅप्सही वापरता येतात. मात्र प्रत्येक फोनचा सेन्सर वेगळा आकडा दाखवतो, म्हणून त्यांचा खरा उपयोग घरातल्या दोन जागांची तुलना करण्यापुरताच आहे. मोजताना फोन पानाच्या जागी आडवा धरून सेन्सर उजेडाकडे वळवावा.

सावली त्या क्षणाचा उजेड सांगते. कित्येक आठवड्यांचा हिशेब पानांवर उमटतो, आणि माझा भरवसा त्यावर अधिक आहे. गर्द, काळपट हिरवी पाने पाहून आपण सुखावतो, परंतु ऑर्किडच्या बाबतीत तो रंग बहुधा उजेड कमी पडत असल्याचा असतो. किंचित पोपटीकडे झुकणारा हिरवा रंग हा समाधानाचा रंग. संपूर्ण झाडच पिवळट पडू लागले, तर उजेड जास्त होतो आहे असा संशय घ्यावा. केवळ सर्वांत खालचे जुने पान पिवळे होऊन गळणे मात्र नैसर्गिक आहे. पानाच्या कडेवर येणारी जांभळट-लाल झाक हे तीव्र उजेडापासून बचाव करणारे रंगद्रव्य असते, आणि ती फिकट असेल तर घाबरण्याचे कारण नाही. ज्या जातींची पाने मुळातच चट्टेरी असतात किंवा खालून जांभळी असतात, त्यांच्या बाबतीत ही रंगपरीक्षा फारशी उपयोगी नाही. तिथे नवे पान पाहावे: ते आधीच्या पानांपेक्षा लांब, अरुंद आणि लुळे निघत असेल, तर झाड उजेडासाठी ताणले जात आहे.

उन्हाने भाजल्याचा डाग आधी पांढुरका आणि मग तपकिरी, कोरडा होतो. तो उन्हाच्या बाजूलाच असतो आणि पसरत नाही. ओला होऊन पसरणारा डाग रोगाचा असतो. भर उजेडात पानाला हात लावून पाहावा, आणि ते हवेपेक्षा स्पष्टपणे गरम लागले तर डाग पडण्याची वाट न पाहता कुंडी मागे घ्यावी. उजेड वाढवायचा असल्यास दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावा, कारण सावलीत वाढलेले पान अचानक आलेल्या उन्हात काही तासांतच भाजते. ऋतूनुसार सूर्याची उंची बदलते आणि तिरीप खोलीत वेगळ्या ठिकाणी पोहोचते, त्यामुळे एकदा ठरवलेली जागा वर्षभराची समजू नये.

पाने निरोगी आणि पोपटी असूनही फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा येत नसेल, तर उजेड आणखी वाढवण्यापूर्वी तापमानाचा विचार करावा. त्याला दांडा फुटण्यासाठी काही आठवडे गारवा लागतो. सतत 28 अंश सेल्सिअसच्या वर राहणाऱ्या खोलीत ते केवळ पानेच काढत राहते.

खिडकी अपुरी असेल तेव्हा पांढरा एलईडी दिवा चांगले काम करतो, आणि त्यासाठी गुलाबी-जांभळ्या प्रकाशाची मुळीच गरज नाही. खिडकीपेक्षा दिव्याचा उजेड सौम्य असल्यामुळे तो दिवसाला 12 ते 14 तास द्यावा, पण रात्री न चुकता बंद करावा, कारण फॅलेनॉप्सिस आपली पर्णरंध्रे मुख्यतः अंधारात उघडून कार्बन डायऑक्साइड साठवते आणि दिवसा उजेड मिळाल्यावर त्याचे अन्न करते. दिव्याला टायमर लावला की हे वेळापत्रक आपोआप सांभाळले जाते.