आमची वाटचाल : कपाटातला उजेड

फर्निचर करणारे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. पण कपाटाच्या आतला उजेड हे स्वतंत्र काम आहे, हे इथे आम्ही लोकांना पटवलं. याचा मला अभिमान आहे.

2013 साली अंबडला एक गाळा भाड्याने घेतला. मी वायरिंगवाला, मिस्त्री लाकूडवाले. त्यांचा ट्रिमर, म्हणजे लाकडात खाच पाडायचं हातातलं मशीन, आजही चालू आहे, आणि त्याला दुसरं कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. 18 एमएम प्लायमध्ये खाच अशी पडली पाहिजे की ॲल्युमिनियमचं प्रोफाइल, म्हणजे एलईडीची पट्टी बसवायची पन्हळ, अंगठ्याने दाबल्यावर घट्ट बसावं. सनमायकाची कड उडू नये म्हणून मिस्त्री पूर्ण खोली एकदम घेत नाहीत, दोन फेऱ्यांत घेतात. प्रोफाइल नेहमी पुढच्या कडेला आणि तोंड आत, तिरकं. मागच्या पाटीवर पट्टी लावली की उजेड कपड्यांच्या पाठीवर पडतो आणि उघडणाऱ्याला फक्त सावली दिसते.

गंगापूर रोडच्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. आम्ही त्यांना बाई म्हणतो. त्यांच्याकडे येवल्याच्या पैठण्या. 3000 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळ्या उजेडात जांभळी साडी तपकिरी वाटायची, आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 80 च्या पट्टीखाली लाल काठ मेलेला दिसायचा. बाई स्वतः साड्या घेऊन गाळ्यावर आल्या, एकेक पट्टी पेटवून पाहिली. 4000 केल्विन, सीआरआय 90 च्या वर, तिथे त्या थांबल्या. म्हणाल्या, "हां, आता ही माझी साडी." तेव्हापासून साड्यांच्या कपाटाला आम्ही त्याखालचा माल लावत नाही.

मग पाथर्डी फाट्याच्या इमारतीचं काम आलं. सगळ्या फ्लॅटची कपाटं, बिल्डरचा तोंडी होकार. प्रोफाइल मापाने कापून झाली, 24 व्होल्टचे ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारे डबे, आले, सगळं उधारीवर. आणि आमच्याच गाळ्यावर सोल्डरिंग शिकलेल्या मुलाने कमी दराचं कोटेशन देऊन ते काम उचललं. दर कमी कसा? प्रोफाइल नाही, नुसती 12 व्होल्टची पट्टी दुहेरी टेपने चिकटवलेली. तेवढ्याच वॉटला 12 व्होल्टमध्ये प्रवाह दुप्पट जातो, लांब पट्टीचं शेवटचं टोक मंद पडतं. हे त्याला आम्हीच शिकवलं होतं. ड्रायव्हर लॉफ्टवर थर्माकोलच्या मागे कोंबले. बिल्डरने आमचा फोन उचलणं बंद केलं. त्याच्या सॅम्पल फ्लॅटचं बिलही बुडालं.

त्या वर्षी गाळ्याचं भाडं थकलं. मिस्त्रींनी पगार मागितला नाही. मी ट्रिमर विकायला काढला तर ते तो पिशवीत घालून घरी घेऊन गेले. तेव्हा बाईंनी मुलाच्या घराचं काम दिलं आणि पूर्ण रक्कम आगाऊ हातात ठेवली. पावतीसुद्धा मागितली नाही. त्या पैशातून आधी उधारी फेडली.

पुढे चांगली वर्षं आली, त्यांचं काय सांगायचं, काम होत राहिलं. पाथर्डी फाट्याचे फ्लॅटधारकही येऊ लागले. उन्हाळ्यात टेप सुटून पट्ट्या कपड्यांवर लोंबत होत्या, ड्रायव्हर तापून बंद पडत होते. कापलेली प्रोफाइल आम्ही टाकली नव्हती. त्याच मापाची कपाटं, तीच तिथे बसवली. बिल्डरकडचे पैसे अजून आलेले नाहीत, दर दिवाळीला मी फोन करतो.

तुम्ही कपाट करून घेत असाल तर सनमायका चढण्याआधी लाइटवाल्याला बोलवा. दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर पट्टी, मीटरला 10 वॉट, म्हणजे 40 वॉट झाले. ड्रायव्हर 60 चा मागा, 40 चा नको. तो हात पोचेल आणि हवा खेळेल अशा जागी बसवून घ्या. बिघडला तर कपाट फोडायला लागता कामा नये. सेन्सर शटरच्या चौकटीवरचा, शटर उघडलं की दिवा लावणारा घ्या. माणसाच्या हालचालीवर चालणारा घेतलात तर साडी निवडत शांत उभं राहिल्यावर तो अंधार करतो.